दोन गांवांमधील अंतर : रेघेचें, रस्त्याचें आणि घड्याळाचें

पुण्याहून मुंबई किती लांब, असा साधा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलानें घरांत विचारला, तर बहुधा त्यास एका प्रश्नाचीं चार उत्तरें मिळतील. आजोबा आगगाडीचा हिशोब धरून १९२ किलोमीटर म्हणतील. मोटार हांकणारे काका दीडशें सांगतील. आत्या नकाशावर पट्टी ठेवून, हें अंतर १२० देखील भरत नाहीं, असें दाखवून देईल. आणि आजी म्हणेल, "सकाळीं लवकर निघालें तर जेवायच्या वेळेस पोंचावें, एवढी लांब." मुलानें गोंधळून जावें अशीच ही स्थिति, परंतु गंमत अशी कीं, चौघांपैकीं कोणाचेंहि उत्तर चुकलेलें नसतें. प्रत्येकानें माप मात्र निराळें घेतलेलें असतें.

हा केवळ दिवाणखान्यांतील करमणुकीचा प्रश्न असता, तर त्यावर इतकी पानें खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. पण आपल्या एकत्र कुटुंबांची आजची स्थिति पाहावी. वाडा पुण्यांत, एक मुलगा मुंबईंत, मुलगी नागपुरास दिलेली, धाकटा नोकरीनिमित्त दिल्लीस, आणि नातवंडांपैकीं कोणी ना कोणी अमेरिकेंत, असें चित्र घरोघर दिसतें. मुलीसाठीं आलेलें स्थळ लांबचें म्हणून नाकारावें कीं जवळचें म्हणून स्वीकारावें, बदलीची नोकरी घ्यावी कीं नाहीं, वडील माणसांनीं कोणाजवळ राहावें, आणि अपरात्रीं दुखणें उद्भवलें तर प्रथम कोणास हांक मारावी, या सर्व प्रश्नांच्या मुळाशीं अंतराचा हिशोब असतो. तो हिशोब चुकीच्या मापानें केला, तर निर्णयहि चुकतो. आणि त्याचा त्रास नकाशाला होत नाहीं, माणसांना होतो. म्हणून हीं मापें एकदां नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

रेघेचें अंतर

पहिलें माप सरळ रेघेचें. विमानाच्या प्रवासाचें म्हणून जें अंतर सांगितलें जातें, तें बहुधा हेंच असतें. तें काढण्यास मोठी विद्या लागते असें नाहीं. पुण्याच्या पश्चिमेस मुंबईचा कोटाचा भाग एक अंशाहून किंचित् अधिक आणि उत्तरेस अर्ध्या अंशाहून थोडा कमी आहे. आपल्या प्रांतांत रेखांशाचा एक अंश सुमारें १०५ किलोमीटर व अक्षांशाचा एक अंश सुमारें १११ किलोमीटर भरतो. म्हणजे पश्चिमेस सुमारें ११० आणि उत्तरेस सुमारें ४५ किलोमीटर अशा काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या. शाळेंत शिकलेल्या सिद्धांतानें त्याचा कर्ण काढला, कीं ११९ किलोमीटर हें उत्तर हातीं येतें. घरांतील आठवी-नववीच्या मुलामुलींकडून हें गणित अवश्य करवून घ्यावें. भूगोल आणि भूमिति यांची गांठ एका पानावर पडते.

या ठिकाणीं एक शंका निघते. शहर म्हणजे कांहीं एक बिंदु नव्हे. मग रेघ कोठून कोठपर्यंत ओढावयाची? जुन्या काळीं याचें उत्तर दगडांत कोरून ठेवीत. मुंबईचे मैलांचे दगड कोटांतील सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मोजलेले असत, आणि पुण्याच्या जनरल पोस्टाजवळहि शून्य अंतराचा दगड आहे. आज विमानाचें अंतर लोहगांवच्या धावपट्टीपासून मोजतात, आगगाडीचें स्टेशनापासून, आणि आपण मात्र आपल्या दारापासून निघतों. पुण्याची हद्द आतां इतकी पसरली आहे कीं, कात्रजला राहणाऱ्याचें मुंबईचें अंतर आणि निगडीला राहणाऱ्याचें अंतर यांत एखाद्या लहान गांवाएवढा फरक पडतो.

लांबच्या पल्ल्याला मात्र कागदाच्या नकाशावरील पट्टी दगा देते, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. पुणें आणि अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत सुमारें १६४ अंशांचा फरक आहे, म्हणजे हीं दोन्ही गांवें पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंस आहेत. भिंतीवरच्या नकाशांत तेथें जाण्याची वाट समुद्रावरून आडवी जावी असें वाटतें. पण पृथ्वीचा गोल घेऊन या दोन शहरांमध्यें एक दोरा ताणून धरावा. तो आपोआप सरकत उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. गोलावरील सर्वांत आंखूड वाट ती हीच. जानेवारी २०२१ मध्यें एअर इंडियाचें विमान सान फ्रान्सिस्कोहून बंगळूरला उत्तर ध्रुवावरून आलें, आणि त्या विमानाच्या चालक सर्व स्त्रियाच होत्या. या वार्तेंत कौतुक तर होतेंच. पण भूगोलाचा एक धडाहि होता.

तरी विमान देखील या रेघेवरून तंतोतंत जात नाहीं. वाऱ्याच्या दिशेनुसार उतरण्याची बाजू ठरते, ठराविक हवाई मार्ग पाळावे लागतात, आणि पुण्याचा विमानतळ तर हवाई दलाच्या तळाचाच भाग असल्यामुळें मुलकी विमानांना दलाच्या सोईनें वेळ सांभाळावी लागते. हिंवाळ्यांत उत्तर हिंदुस्थानावर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो; त्यामुळें पूर्वेस जाणारें विमान लवकर पोंचतें आणि परततांना त्यालाच अधिक वेळ लागतो. एकंदरींत रेघेचें अंतर हें अंतराचें किमान माप आहे. याहून कमी अंतर असूं शकत नाहीं, एवढेंच त्यावरून निश्चित समजतें.

चाकाची वाट

दुसरें माप चाकाच्या वाटेचें. ही वाट माणूस ठरवीत नाहीं, डोंगर ठरवितो. पुणें आणि मुंबई यांच्यामध्यें सह्याद्रि उभा आहे, आणि या दोन शहरांच्या अंतराचा सगळा इतिहास म्हणजे बोरघाट उतरण्याचा इतिहास आहे.

पेशवाईच्या काळीं मुंबईस जाणारा माणूस पायीं किंवा घोड्यावरून घाट उतरून खोपोली-पनवेलपर्यंत जाई आणि तेथून गलबतानें पुढें निघे. माल बैलांच्या पाठीवरून जाई. गाडीची चाकें घाटांतून जाऊं लागलीं तीं १८३० सालीं. त्या वर्षीं १० नोव्हेंबर रोजीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें घाटाचा गाडीरस्ता वाहतुकीस खुला केला. पुढें १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. १८५८ सालीं पुणें-खंडाळें लोहमार्गहि झाला. पण मधला घाट तसाच राहिला. पांच वर्षें उतारूंना खंडाळ्यास गाडींतून उतरून डोल्या, तट्टें अथवा आपले पाय यांच्या आधारानें घाट उतरावा लागे आणि खालीं खोपोलीस दुसरी गाडी पकडावी लागे.

२१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतील लोहमार्ग सुरू झाला आणि हा तुटलेला दुवा सांधला गेला. त्या कामावर एके काळीं चाळीस हजारांहून अधिक माणसें राबत होतीं. पटकी, ताप आणि अपघात यांनीं हजारों मजुरांचे प्राण घेतले. त्यांचीं नांवें कोठल्याहि दगडावर नाहींत. कामाचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं येथें येतांच थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता आपल्याकडे घेऊन तो तडीस नेला. घाटाची वाट एका धनगरानें इंग्रजांना दाखविली अशी लोककथा आहे, आणि त्या शिंग्रोबाचें देऊळ घाटांत आजहि आहे.

आतां हाच लोहमार्ग रेघेच्या मानानें इतका लांब कां, हें पाहूं. आगगाडीचें चाक लोखंडी, रूळहि लोखंडी. तीव्र चढावर तें घसरतें. म्हणून घाटांतील चढ सदतीस फुटांस एक फूट याहून अधिक ठेवतां आला नाहीं. चढावयाची उंची १,८३१ फूट, म्हणजे सुमारें ५५८ मीटर. तिला सदतिसानें गुणलें, कीं नुसता चढ चढण्यासाठींच साडेवीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग हवा, हें ध्यानांत येतें. प्रत्यक्षांत तो पंचवीस किलोमीटरांचा झाला. शिवाय गाडी मुंबईहून आधीं ईशान्येस कल्याणपर्यंत जाते आणि तेथून आग्नेयेस कर्जतकडे वळते. रबरी चाकांच्या मोटारीस याहून तीव्र चढ चालतो. म्हणून तिची वाट आंखूड. पायवाट त्याहून आंखूड, आणि पाखराची सर्वांत आंखूड. ओझें जितकें जड तितकी वाट लांब, असा हा नियमच आहे.

हा नियम पटावा म्हणून पुण्याहून चार दिशांना जाऊन पाहावें. सोलापूर सरळ रेघेनें सुमारें २३६ किलोमीटर आहे, आणि रस्त्यानें सुमारें २५०. म्हणजे शंभर किलोमीटरांमागें सहा-सात किलोमीटरांचाच फेर पडतो, कारण वाट सगळी पठारावरून आहे. मुंबईस रस्त्यानें शंभरामागें सुमारें २६ चा आणि लोहमार्गानें ६१ चा फेर पडतो, कारण मध्यें घाट आहे. महाड रेघेनें अवघें सत्तर किलोमीटर भरेल. पण भोरवरून वरंधा घाट उतरून जाणाऱ्यास सव्वाशेंहून अधिक किलोमीटर जावें लागतें. नाशिकची गोष्ट तर सर्वांत विलक्षण आहे. पुणें आणि नाशिक हीं दोन्ही शहरें पठारावर. रेघेनें सुमारें १६३ किलोमीटर, रस्त्यानें सुमारें २१०. पण आगगाडीनें कल्याणवरून जावयाचें तर बोरघाट उतरून कोंकणांत जावें आणि थळघाट चढून पुन्हां पठारावर यावें, असा २७० किलोमीटरांचा वळसा पडतो. दौंड-मनमाडवरून जावें, तर तो त्याहूनहि लांब. शेजाऱ्याच्या घरीं जाण्यासाठीं आधीं जिना उतरून रस्त्यावर जावें आणि दुसऱ्या जिन्यानें वर यावें, तसाच हा प्रकार.

डोंगर फोडून वाट आंखूड करण्याचे प्रयत्न अर्थात् थांबलेले नाहींत. १९२९ सालीं घाटांतील, गाडी उलट दिशेला फिरवावी लागणारें स्थानक बोगदे खणून टाळण्यांत आलें. २००२ सालीं कळंबोली ते किवळें हा ९४.५ किलोमीटरांचा द्रुतगति मार्ग पुरा झाला. त्याच मार्गावर खोपोलीपासून कुसगांवपर्यंत बोगदे आणि उंच पूल यांवरून जाणारा जो नवा दुवा पुढें आखण्यांत आला, त्याचा उद्देश सुमारें सहा किलोमीटर वांचविणें आणि घाटाचीं वळणें टाळणें हा होय. सहा किलोमीटरांसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें वाटेल; पण तेथें किलोमीटरांपेक्षां मिनिटें वांचवावयाचीं असतात. आणि यावरूनच आपण तिसऱ्या मापाकडे येतों.

घड्याळाचें अंतर

१ जून १९३० रोजीं 'दख्खनची राणी' प्रथम धांवली, तेव्हां मुंबई-पुणें प्रवासास तिला पावणेतीन तास लागत. आज तिला तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. लोहमार्ग त्याच घाटांतून जातो. पण वाटेवर गाड्यांची दाटी झाली, थांबे वाढले, आणि घड्याळाच्या मापानें दोन्ही शहरें किंचित् लांब गेलीं. अंतर न वाढतां वाट लांबते, ती अशी.

विमानाच्या बाबतींत तर घड्याळाचें माप घेतल्यावांचून कांहींच कळत नाहीं. पुणें-मुंबई ही रेघ विमानास अर्ध्या-पाऊण तासाची आहे. पण पुण्याच्या पेठेंतून लोहगांवास पोंचण्यास एक तास, सुटण्यापूर्वीं दीड तास हजर राहावयाचें, उतरल्यावर सामान मिळण्यास अर्धा तास, आणि विमानतळापासून इच्छित घरापर्यंत आणखी एक तास, अशी बेरीज केली म्हणजे हवेंतील वेळ धरण्यापूर्वींच चार तास होतात. मोटारीनें घरून निघून साडेतीन-चार तासांत मुंबईच्या दारांत उतरतां येतें. म्हणजे १२० किलोमीटरांच्या रेघेपेक्षां १५० किलोमीटरांचा रस्ता घड्याळानें जवळचा ठरला.

हेंच गणित नागपुराच्या बाबतींत उलटतें. नागपूर रेघेनें सुमारें ६२० किलोमीटर, रस्त्यानें सातशेंहून थोडें अधिक, आणि मनमाड-भुसावळवरून आगगाडीनें सुमारें ८९० किलोमीटर आहे. मोटारीची सरासरी तासाला साठ किलोमीटर धरली, तर बारा तास लागतात, आणि वाटेंत जेवणखाण केलें तर त्याहून अधिक. समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं मुंबईपर्यंत पुरा झाला. पुण्याच्या मंडळींनीं छत्रपति संभाजीनगराजवळ तो गांठला, तर पुढील वाट वेगानें सरते. तरी दिवस जातोच. विमानाचे वरचे चार तास आणि हवेंतील सव्वा ते दीड तास मिळून मात्र साडेपांच तासांत काम भागतें. दिल्लीस तर हा प्रश्नच उरत नाहीं. रेघ ११७० किलोमीटरांची आणि रस्ता चौदाशेंहून अधिक.

मग ही सीमारेषा कोठें? विमानाचे चार तास कायमचे धरावे. रस्ता रेघेच्या सव्वापट धरावा. मोटारीचा वेग तासास साठ आणि विमानाचा सरासरी साडेसहाशें धरावा. हिशोब मांडला, कीं रेघेनें सुमारें दोनशें आणि रस्त्यानें सुमारें अडीचशें किलोमीटरांवर दोन्हीं वेळ सारखे होतात. त्याच्या आंत मोटार अथवा आगगाडी, त्याच्या पलीकडे विमान, हें स्थूल मान म्हणून धरण्यास हरकत नाहीं.

पण या गणितांत एक मोठी गोष्ट येत नाहीं, आणि गृहस्थाश्रमी माणसानें तीच प्रथम पाहावी. मोटार केव्हांहि निघते. विमान त्याच्या वेळेस निघतें. रात्रीं अकरा वाजतां वडिलांच्या छातींत दुखूं लागलें असा निरोप आला, तर मुंबईचा मुलगा पहांटेपर्यंत पुण्यास येतो. नागपूरच्या मुलीस मात्र सकाळच्या विमानाची वाट पाहावी लागते, आणि त्यांत जागा मिळेल कीं नाहीं हाहि प्रश्न असतो. तिच्यासाठीं अंतर साडेपांच तासांचें नसून, "उद्यां दुपारपर्यंत" एवढें असतें. सणावारीं भेटीला जाण्याचें अंतर आणि हांकेला धांवून येण्याचें अंतर हीं दोन निराळीं अंतरें आहेत. आपण विवाह, बदली, घर या गोष्टी पहिल्या अंतरावर ठरवितों, आणि प्रसंग येतो तो दुसऱ्याचा.

विमानतळ म्हणजे शहर नव्हे, हेंहि विसरूं नये. गोव्यास जाणाऱ्यानें आपलें विमान दाभोळीस उतरतें कीं पेडण्याजवळील मोप येथें, हें आधीं पाहावें. मोपचा विमानतळ २०२३ च्या जानेवारींत सुरू झाला. मडगांवास जाणाऱ्यास तो दाभोळीहून बराच लांब पडतो. उलट पक्षीं, २०२५ च्या ऑक्टोबरांत ज्याचें उद्घाटन झालें तो नव्या मुंबईचा विमानतळ पुण्याच्या वाटेवरच असल्यामुळें, आपलें विमान तेथून सुटत असेल, तर पुणेकरास मुंबई शहरांत शिरण्याचें कारण उरत नाहीं.

घाईचा हिशोब

अंतर कमी करण्याचा एक उपाय तरुण मंडळींस फार आवडतो. तो म्हणजे वेग. त्याचाहि हिशोब पाहावा. द्रुतगति मार्ग ९४.५ किलोमीटरांचा. संपूर्ण मार्ग तासाला १०० च्या वेगानें तोडला, तर ५७ मिनिटें लागतील. कायदा मोडून १२० च्या वेगानें तोडला, तर ४७. मिळकत दहा मिनिटांची. प्रत्यक्षांत घाटांत वेगाची मर्यादा याहून पुष्कळ कमी असते आणि पुढें मालमोटारींची रांगहि असते, म्हणून तेवढीहि मिळकत होत नाहीं. शहरांत शिरल्यावर एका चौकांत हीं दहा मिनिटें जातात. एवढ्यासाठीं गाडींतील लहान मुलांचा आणि वृद्धांचा जीव पणास लावणें, हा व्यवहार कोणत्या शहाण्या गृहस्थास परवडेल? वेळ वांचवावयाचाच असेल, तर अर्धा तास आधीं घरांतून निघावें.

रात्रभर मोटार हांकून सकाळीं पोंचण्याची हौसहि तितकीच घातक. पहांटेच्या सुमारास सर्वांनाच झोप अनावर होते. त्या वेळीं सरळ, मोकळा रस्ता हाच मोठा शत्रु ठरतो. आगगाडीची लांब वाट अशा वेळीं बरी. १९२ किलोमीटरांचा तो वळसा दुसरा कोणी जागा राहून हांकीत असतो.

घरांत एक टिपण असावें

आमची सूचना साधी आहे. घरच्या पंचांगाजवळ किंवा देवघराच्या कपाटांत एक कागद ठेवावा. त्यावर घरांतील प्रत्येक दूरच्या माणसाच्या नांवापुढें चार रकाने आंखावे : रेघेचें अंतर, रस्त्याचें अंतर, दारापासून दारापर्यंत लागणारा वेळ, आणि रात्रीं हांक आली तर लवकरांत लवकर केव्हां पोंचतां येईल तो वेळ. पहिला रकाना मुलांनीं भरावा, दुसरा मोटार हांकणाऱ्यानें, तिसरा वरचेवर प्रवास करणाऱ्यानें. चौथा मात्र सर्वांनीं एकत्र बसून भरावा. त्या चौथ्या रकान्यांत कोणाच्याच नांवापुढें सहा तासांहून कमी आंकडा येत नसेल, तर त्या कागदाखालीं शेजारच्या एका विश्वासू घराचें आणि जवळच्या डॉक्टरांचें नांव लिहून ठेवावें. नात्यानें दूरचा पण चार मिनिटांत दारांत उभा राहणारा माणूस, त्या रात्रीपुरता तरी, सर्वांत जवळचा असतो.

सह्याद्रि फोडण्यास पिढ्या खपल्या, आणि अजून त्याच्यांतून वाट काढण्याचें काम चालतच आलें आहे. तें काम इंजिनियरांचें. आपल्या वांट्यास आलेलें काम त्याहून सोपें आहे : आपलीं माणसें आपल्यापासून खरोखर किती दूर आहेत, हें नेमकें जाणून असणें, आणि तो आंकडा पाहून वेळींच काय ती तजवीज करणें.